कावेरीकाठ विकत घेऊन वाचत नाही

तंजावर जिल्ह्यातल्या कावेरीकाठच्या जुन्या गावांबद्दल पुण्या-मुंबईत सध्या एक मत फार आत्मविश्वासाने मांडलं जातं. तिरुवैयारू, तिरुविसनल्लूर, कुंभकोणमच्या आजूबाजूची ही गावं ओस पडत चालली आहेत. मराठी राज्याच्या खुणा पडक्या घरांबरोबर मातीत जात आहेत. सरकारला त्याचं काही सोयरसुतक नाही. तेव्हा शहरातल्या सुस्थितीतल्या लोकांनी, विशेषतः मराठी माणसांनी, ही घरं विकत घ्यावीत, नीट दुरुस्त करावीत आणि निवृत्तीनंतर नदीकाठी जाऊन राहावं. वर्षभर नाही जमलं तर चार महिने, तेही नाही जमलं तर सुट्टीत. घर वाचेल, नदीकाठ पुन्हा गजबजेल, इतिहास जपला जाईल.

हे बोलणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. काही जण आमच्या घरी राहून गेली आहेत. ती मनापासून बोलतात, म्हणून उत्तरही मनापासून द्यायला हवं. मी तिरुवैयारूत राहतो. माझी बायको तंजावरच्या मराठी घरातली. तिचे आईवडील थकले तेव्हा आम्ही इथे बिऱ्हाड हलवलं. त्यामुळे शहर सोडून नदीकाठी राहायला येऊ नका, असं मी कुणाला सांगणार नाही. तो अधिकार मला नाही आणि तशी माझी इच्छाही नाही. माझा वाद आहे तो घर विकत घेऊन गाव वाचवण्याच्या कल्पनेशी. ही कल्पना ज्या समजुतींवर उभी आहे त्यातली एकही इथल्या मातीत टिकत नाही.

आधी गाव ओस पडल्याची गोष्ट घेऊ. पाहुणा येतो, देवळात जातो, देवळाला लागून असलेल्या एका आळीतून चालत नदीवर जातो. ती आळी म्हणजे अग्रहारम्, एकेकाळची ब्राह्मणवस्ती. भिंतीला भिंत लागून घरं, पुढे तिण्णै म्हणजे ओटा, मधे उघडा चौक, मागे लांबलचक परसू, ते थेट नदीच्या किंवा कालव्याच्या पायऱ्यांपर्यंत गेलेलं. आज त्यातल्या कितीतरी दारांना कुलूप आहे. ओट्याचे लाकडी खांब वाळवीने आतून पोकळ झालेत, बोट दाबलं तर भुगा पडतो. कौलांतून पिंपळ वर आलाय. पाहुण्याला वाटतं, गाव संपलं.

त्याच सकाळी तो दोन आळ्या पलीकडे गेला असता तर त्याला केळीच्या पानांचे भारे सायकलवर लादले जाताना दिसले असते. नागवेलीच्या पानांच्या चळती भिजल्या गोणपाटात बांधून बसच्या टपावर चढत होत्या. फुलबाजारात शेवंतीचा भाव ओरडला जात होता, मिठाईच्या दुकानात मुगाच्या डाळीचा अशोका हलवा तुपात घोटला जात होता, आणि भात लावणीसाठी बायकांची टोळी टेम्पोत उभी राहून निघाली होती. हे सगळे लोक इथेच राहतात, इथेच मतदान करतात, इथल्याच शाळेत मुलं घालतात. चैत्रात ऐयारप्पर देवाची पालखी सप्तस्थानाच्या यात्रेला निघते, तिरुवैयारूहून तिरुप्पळनम, तिरुच्चोट्रुत्तुरै, तिरुवेदिकुडी, तिरुक्कंडियूर, तिरुप्पूंतुरुत्ति, तिल्लैस्थानम अशी सात गावं फिरून परत येते, तेव्हा तिला खांदा देणारे लोक काही मद्रासहून येत नाहीत.

आंद्रे बेते यांनी १९६१-६२ साली तंजावर जिल्ह्यातल्या एका गावात राहून अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. गावाचं नाव बदलून त्यांनी ते 'श्रीपुरम' असं ठेवलं. अग्रहारम्, ब्राह्मणेतरांच्या आळ्या आणि दलितांची चेरी असं तीन ठिकाणी वाटलेलं ते गाव होतं. अग्रहारातली माणसं शहराकडे निघालेली, त्यांच्या जमिनी दुसऱ्यांच्या हाती जाऊ लागलेल्या, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं. म्हणजे ज्या रितेपणाने पाहुणा आज हळहळतो तो एका आळीचा रितेपणा आहे आणि तो साठ वर्षांहून जुना आहे. एका आळीचं दुःख खरं असलं तरी ते अख्ख्या गावाच्या नावावर मांडणं चूक आहे. तसं करताना त्या गावात जे राहतात, राबतात, त्यांना आपण मोजतच नाही.

आता त्या आळीतले लोक गेले कसे, ते पाहू. कारण वाचवायला निघालेल्यांनी रोग आधी ओळखायला हवा.

ते गेले ते जमीन सोडून नव्हे. पहिल्या पिढ्या मद्रासला, तिरुचीला, पुढे मुंबईला नोकरीसाठी गेल्या तेव्हा जमिनीची वंशपरंपरागत मालकी, म्हणजे इथल्या भाषेत मिरास, त्यांच्याच नावावर होती. मिरासदार शहरात आणि भात गावात, अशी ती व्यवस्था. सुगीच्या वेळी मालक यायचा, खंडाचं भात मोजून घ्यायचा, घराचं कुलूप उघडून चार दिवस राहायचा आणि परत जायचा. मराठी घरंही याला अपवाद नव्हती. दिवाण टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला तंजावरच्या मराठी कुटुंबात जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. त्यांचं कर्तृत्व मोठं, त्याचा अभिमान आम्हा सगळ्यांना आहे. पण हुशार मुलगा बाहेर जाणार आणि गावाकडचं घर त्याची वाट पाहणार, ही रीत तेव्हापासूनची.

मालक दूर असला की पाटाचा गाळ काढायला कोण पुढे होणार? कुळाला तो आपला वाटत नाही, कारण जमीन आज आहे, उद्या नाही. मजुराला तर शेतावरच हक्क नाही. सगळ्या गावाने मिळून कालवे, तळी साफ ठेवायची 'कुडिमरामत्तु'ची जुनी रीत या मुलखात मोडली, त्याला सरकारी कारभार जितका कारण आहे तितकाच हा दूरचा मालकही. या व्यवस्थेविरुद्ध इथल्या शेतमजुरांनी आणि कुळांनी लढे दिले. १९५२ साली तंजावरसाठी कूळ आणि पण्णैयाळ, म्हणजे बांधील शेतमजूर, यांच्या संरक्षणाचा खास कायदा करावा लागला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी गावात ४४ दलितांना एका झोपडीत कोंडून जाळलं गेलं. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. मागणी होती मजुरीत थोडं जास्त भात मिळावं एवढीच. ते गाव आज नागपट्टिणम् जिल्ह्यात आहे, तेव्हा तंजावर जिल्ह्यातच होतं.

हे इतक्या विस्ताराने सांगतो, कारण 'शहरातल्या माणसाने गावात घर घ्यावं आणि जमेल तेव्हा यावं' ही सूचना या मुलखाला नवी नाही. शंभर वर्षं हेच चाललं होतं. मालकी एका ठिकाणी आणि राहणं दुसऱ्या ठिकाणी, याच दुखण्याने अग्रहारम् रिकामं झालं. तेच पुन्हा करायचं आणि त्याला वारसा जपणं म्हणायचं, हे मला पटत नाही.

यावर लगेच उत्तर येतं: आम्ही खंड घ्यायला येत नाही, आम्ही नदीसाठी येतो. मग नदीबद्दल बोलू. या वादाचं मर्म तिथेच आहे.

कावेरीकाठच्या प्रेमात पडलेली बहुतेक मराठी माणसं संत-संगीतकार त्यागराजांच्या आराधनेला आलेली असतात. आराधना पौष वद्य पंचमीला; ६ जानेवारी १८४७ ला त्यागराजांनी देह ठेवला ती ही तिथी. समाधी नदीकाठावरच आहे. सकाळी शेकडो गायक-वादक समोरासमोर बसून पंचरत्न कीर्तनं एका सुरात म्हणतात, थंडीचे दिवस असतात आणि मंडपामागे नदी वाहत असते. माणूस भारावला नाही तरच नवल. पण त्या पाण्याचा हिशेब कुणी विचारत नाही. मेट्टूर धरणाचं पाणी शेतीसाठी साधारण १२ जूनला सोडतात आणि २८ जानेवारीला बंद करतात. आराधना बहुतेक वर्षी या तारखेच्या आतच येते. म्हणजे पाहुण्याने पाहिलेली भरली नदी ही हंगामातली शेवटची. तो परतीच्या गाडीत बसतो न बसतो तोच पाणी ओसरायला लागतं. फेब्रुवारीत पात्रात वाळूचे पट्टे वर येतात. मार्चमध्ये पोरं मधोमध क्रिकेटच्या काठ्या रोवतात. एप्रिल-मेमध्ये घाटाच्या शेवटच्या पायरीखाली गावाच्या सांडपाण्याचं हिरवं डबकं आणि पलीकडे वेड्या बाभळीचं रान. वर्षातले चार-साडेचार महिने नदीकाठ असा असतो, आणि हे काही दुष्काळातलं चित्र नव्हे. चांगल्या पावसाच्या वर्षीही हेच.

याचं कारण साधं आहे. त्रिभुज प्रदेशातली कावेरी ही शेताला पाणी पोचवणारी यंत्रणा आहे. चोळ राजा करिकालाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै बंधारा तिच्या माथ्याशी आहे. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने त्याच्या वरच्या अंगाला मुक्कोंबूचा बंधारा बांधला, १९३४ साली मेट्टूरचं धरण पुरं झालं. धरणाची उंची पाण्याच्या हिशेबात १२० फूट, साठा ९३.४७ अब्ज घनफूट. इथला चहावालाही सकाळी पेपर उघडून आधी मेट्टूरची पातळी वाचतो. मेट्टूरहून निघालेलं पाणी तीन-चार दिवसांनी कल्लणैला पोचतं. तिथे मंत्री, कलेक्टर आणि शेतकरी फुलं आणि भाताचं बी पाण्यात टाकतात, दरवाजे वर जातात आणि पाणी कावेरी, वेण्णारू आणि कल्लणैच्या कालव्यात वाटलं जातं. जादा असेल ते कोळ्ळिडम नदीला जातं. पुढे कुडमुरुट्टी, वेट्टारू, अरसलारू, मग शाखा, उपशाखा, आणि शेवटी एका माणसाला उडी मारून ओलांडता येईल असा पाट, ज्याला इथे वाय्क्काल म्हणतात.

पहिलं पाणी येतं तेव्हा ते पाण्यासारखं दिसतच नाही. वाळूवरून एक तपकिरी, फेसाळ जीभ पुढे सरकते, तिच्या टोकाला वाळकी पानं, काटक्या, प्लास्टिकच्या बाटल्या, पिसं. माणसाच्या चालीपेक्षा हळू येते ती. पोरं तिच्यापुढे उलटी चालत, ओरडत गावाकडे येतात. वाळू आधी पाणी पिते, बुडबुडे फुटतात, मग ओल धरते, मग कुठे पाणी वर राहतं. म्हातारे घाटावर हात जोडून उभे राहतात. त्या दिवशी मोटारीच्या काचेआडून कुणी फोटो काढत असलं तर त्याला इथे काय घडतंय ते कळलेलं नसतं: त्या काठावरच्या प्रत्येक घरात कुरुवै, म्हणजे लवकरचं भात, लावायची की सांबासाठी, म्हणजे नंतरच्या भातासाठी, थांबायचं, बियाण्याला कर्ज काढायचं की नाही, याचा निर्णय त्या क्षणी होत असतो.

आणि पाणी आलंच नाही तर? २०२३ साली पाणी १२ जूनलाच सुटलं, पण साठा इतका खालावला की ऑक्टोबरमध्येच दरवाजे बंद करावे लागले आणि सांबाचं पीक वाऱ्यावर पडलं. २०२४ साली धरण जुलै संपता संपता उघडलं. १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाने वर्षाला १७७.२५ अब्ज घनफूट पाणी बिळिगुंडलू इथे सोडावं असं ठरवून दिलं, तरी अवर्षणाच्या वर्षी तो आकडा कुणाच्याच हातात नसतो. वाळूउपशाने पात्र खोल गेलंय; पाणी असलं तरी ठिकठिकाणी पाटाचं तोंड वर राहतं आणि शेत कोरडं. तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या दोन-तीन तारखेला, बायका चित्रान्नं घेऊन घाटावर येतात, ताडपानाची कर्णभूषणं आणि काळे मणी कावेरीला वाहतात, गळ्यातला मंगळसूत्राचा दोरा बदलतात, मुलं लाकडी रथ ओढतात. आडिप्पेरुक्कु म्हणजे नदीच्या पहिल्या भराचा सण. पाणी नसलेल्या वर्षी हाच सण बोअरच्या नळाखाली करावा लागतो. बाईच्या हातात थाळी आणि समोर वाळू. जो हा दिवस इथे राहून पाहतो त्याला नदीकाठ म्हणजे काय ते कळतं. जानेवारीतल्या पाहुण्याला ते कळणं शक्य नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण न कळलेल्या गोष्टीवर दुसऱ्यांना सल्ले देणं त्याने थांबवावं.

कारण घर विकत घेणाऱ्याला नदी हवी असते ती बघायला, आणि बघणाऱ्याच्या मागण्या वेगळ्या असतात. त्याला काठावर फरसबंदी हवी, बाकं, दिवे, कठडा हवा. त्याला गुरांचं पाणी, धुणं, शेणाची टोपली, नदीत धुतला जाणारा ट्रॅक्टर नको. नाशिककरांना हे सांगायला नको; गोदाघाटावरच्या काँक्रीटविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागली, पात्रातले जिवंत झरे त्या काँक्रीटखाली गेले. पुण्यात मुळा-मुठेचा काठ सुशोभित करण्यावरून वाद अजून चालू आहे. शहरात निदान भांडायला माणसं आहेत, वृत्तपत्रं आहेत. इथे एखाद्या गावाच्या घाटावर रेलिंग बसलं आणि पाटाला पाणी सोडणारी मोरी बुजली तर त्याची बातमीही होणार नाही.

गोव्यात पणजीच्या फोंताइन्यासमध्ये काय झालं ते मराठी वाचकाला माहीत आहे. ओहोळाच्या काठची ती सुंदर, रंगीत, जुनी वस्ती. आज तिथे राहणाऱ्यांना आपल्या दाराशी फोटोसाठी गर्दी करू नका म्हणून पाट्या लावाव्या लागतात, तक्रारी कराव्या लागतात. घरं उभी आहेत, रंग ताजे आहेत, आणि दार उघडून बाहेर पाऊल टाकायची चोरी झाली आहे. भिंत वाचवताना शेजार हातचा गेला तर काय वाचलं?

इथे माझ्या मित्रांचा एक मुद्दा मला मान्य करायलाच हवा. विकत घेणारा निदान छप्पर शाकारतो. तो नसता तर घर पुढच्या पावसाळ्यात बसलंच असतं. खरं आहे. चुना-गुळाच्या गिलाव्याचं, सागवानी खांबांचं काम जाणणारे गवंडी-सुतार अजून या भागात आहेत आणि असं काम मिळालं तर त्यांच्या मुलांना दुबई गाठावी लागणार नाही. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण दुरुस्ती चार महिने चालते. पुढची तीस वर्षं तिथे कोण राहणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही. उलट, शहराच्या पैशाने भाव चढले की गावातल्याच एखाद्या शिक्षकाला, भाजीचा व्यापार करून चार पैसे जमवलेल्या माणसाला ते घर घेता येत नाही. तो तिथे राहायला येणार होता, कायमचा. ज्या आळीत त्याच्या आजोबाला पायतण घालून चालायची मुभा नव्हती, त्या आळीत तो ओट्यावर बसणार होता. अग्रहारम् जिवंत होण्याची खरी शक्यता तीच आहे आणि ती काही ठिकाणी घडतेही आहे. आपण मधे पैसे टाकून ती वाट अडवू नये.

उरला 'इतिहास आपला आहे' हा दावा. तो ऐकला की मला सगळ्यात जास्त अस्वस्थ व्हायला होतं, कारण या इतिहासावर माझं प्रेम आहे.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजे इथले एकोजी, यांनी १६७५-७६ च्या सुमाराला तंजावर घेतलं. १८५५ साली कंपनी सरकारने ते खालसा केलं, तोवर भोसल्यांची गादी इथे होती. एकोजींचे पुत्र शहाजी यांनी १६९३ साली कुंभकोणमजवळ कावेरीकाठचं तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना इनाम दिलं आणि त्याला नाव मिळालं शहाजीराजपुरम्. नदीकाठी बाहेरच्या माणसांना आणून वसवण्याचं याहून मोठं उदाहरण इथे नाही. माझे मित्र ते हमखास देतात. पण त्या विद्वानांनी काय केलं? ते तिथे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यात मराठी जवळजवळ नव्हतेच. तमिळ आणि तेलुगू घरांतले संस्कृत पंडित होते. मराठी राजाने मराठी वस्ती उभी केली नाही, त्या मुलखातल्या विद्येला जमीन दिली. श्रीधर अय्यावाळ तिथलेच. त्यांच्या घरच्या विहिरीत गंगा आली अशी श्रद्धा आहे आणि कार्तिक अमावास्येला लोक आजही त्या विहिरीवर स्नानाला येतात. श्राद्धासाठी केलेलं अन्न त्यांनी भुकेल्या दलित माणसाला वाढलं आणि त्यामुळे गाव त्यांच्यावर उलटलं, अशी ती कथा आहे. ज्या गावाला आपण 'मराठ्यांचं' म्हणून मिरवतो, त्या गावाने स्वतःची आठवण म्हणून राजाची नव्हे, या कथेची निवड केली आहे.

आणि पूर्ण हिशेब मांडायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. इनाम दिलेल्या जमिनीत पंडित नांगर धरत नव्हते. धरणारे चेरीत राहत होते. दरबाराचा डामडौल, लढायांचा खर्च, नबाबाची आणि कंपनीची देणी हे सगळं याच भातातून गेलं. मराठी राज्याने या मुलखाला दिलं तसं या मुलखाकडून घेतलंही. सरफोजी राजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसलेकुळाचा मराठी शिलालेख कोरवला, ओरत्तनाडूला १८०२ साली मुक्तांबाळ छत्र उभारलं. छत्रांत वाटसरूला जेवण आणि मुलांना शिक्षण मिळे, आणि तिथे मराठी माणसासाठी वेगळं पान नव्हतं. तंजावरात मराठी कीर्तनकार आले, रामचंद्रबुवा मोरगावकरांनी एकोणिसाव्या शतकात इथे गाजवलं, आणि त्यांच्या ओव्या-साक्या-दिंड्या तंजावर कृष्ण भागवतरांनी उचलून तमिळ हरिकथेत अशा मिसळल्या की आज त्या वेगळ्या काढता येत नाहीत. गोविंदपुरमला २०११ साली विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं मंदिर उभं राहिलं, ते अभंगांवर जीव टाकणाऱ्या तमिळ भक्तांनी. आपलं इथे जे टिकलं ते असं, दुसऱ्यांनी आपलं मानलं म्हणून टिकलं. त्याला मालकीहक्क सांगायला गेलो तर ते हातातून जाईल.

बाहेरून येऊन या काठाचं भलं केलेली व्यक्ती हवी असेल तर मी बंगळूर नागरत्नम्मांचं नाव घेईन. देवदासी घराण्यातल्या, म्हैसूरकडच्या, मद्रासमध्ये नाव आणि पैसा मिळवलेल्या गायिका. त्यागराजांची समाधी नदीकाठी दुर्लक्षित पडली आहे हे कळल्यावर त्यांनी तिथली जागा मिळवली, स्वतःच्या कमाईतून मंदिर बांधवलं. आराधना करणारे पुरुषांचे दोन तट तेव्हा एकमेकांशी भांडत होते आणि बायकांना गायला कुणीच देत नव्हतं. नागरत्नम्मांनी १९२७ पासून बायकांची तिसरी आराधना समाधीमागे सुरू केली आणि १९४० च्या सुमाराला सगळे एकत्र येईपर्यंत मागे हटल्या नाहीत. मराठी वाचकासाठी एवढं नोंदवतो की मुद्दुपळनी या प्रतापसिंह भोसल्यांच्या दरबारातल्या कवयित्रीचं 'राधिका सांत्वनमु' हे काव्यही त्यांनीच १९१० साली पूर्ण छापलं आणि सरकारी बंदी ओढवून घेतली. शेवटी त्या तिरुवैयारूतच येऊन राहिल्या, १९५२ साली इथेच गेल्या, त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीसमोर आहे. त्यांनीही इथे जमीन विकत घेतलीच की, असं कुणी म्हणेल. घेतली, पण स्वतःसाठी नव्हे. आणि त्या जमिनीबरोबर गावातली भांडणं, अपमान, उन्हाळा आणि वाळूही घेतली.

इथली माणसं अजूनही भांडतात, हेही मित्रांनी ध्यानात घ्यावं. २०१७ साली कदिरामंगलममध्ये तेलाची वाहिनी फुटून शेतात तेल आलं, तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर बसलं. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेलं. अशा अनेक गावांच्या रेट्यामुळे फेब्रुवारी २०२० मध्ये त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषी क्षेत्र ठरवणारा कायदा झाला. ज्यांनी ही गावं वाचवली त्यांच्यापैकी कुणाचंही नाव जुन्या घरांच्या जाहिरातीत येत नाही. वाचवणारे आधीपासून इथे आहेत. त्यांना जोडीदार हवे आहेत.

आणि मराठी माणसाकडून इथे खरोखर हवं असं एक काम आहे. सरस्वती महालात मोडीतले रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत: छत्रांचे हिशेब, कुणाला किती शेर तांदूळ दिला, कुठला बांध फुटला, कुठल्या पाटाच्या दुरुस्तीला किती चक्रम् खर्च झाले. तमिळ विद्यापीठाने त्यातल्या काहींचे तमिळ अनुवाद छापले, पण मोडी वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. नदीच्या या व्यवस्थेचा दोनशे वर्षांचा जमाखर्च आपल्या लिपीत पडून आहे आणि ज्यांच्या शेताचा तो आहे त्यांना तो वाचता येत नाही. पुण्यात मोडीचे वर्ग भरतात, प्रमाणपत्रं मिळतात. त्यातल्या दहा जणांनी इथे येऊन, तमिळ शिकून, तीन-चार वर्षं या रुमालांपुढे बैठक मारली तर कावेरीकाठाला जे मिळेल ते शंभर दुरुस्त घरांनी मिळणार नाही.

त्यासाठी घर विकत घ्यायची गरज नाही. मधल्या आळीत भाड्याने घरं मिळतात. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहते, पाण्याची मोटर कधी लावायची ते सांगते, पोंगलला पातेलंभर गोड भात आणून देते आणि अग्रहारातल्या बंद घराच्या निम्म्याहूनही कमी डोकेदुखीत माणूस गावाचा होतो. यायचं असेल त्यांनी जरूर यावं. पण आराधनेला येऊन ठरवू नका. फेब्रुवारीत या, मेट्टूरचे दरवाजे बंद झाल्यावर, आणि आडिप्पेरुक्कुपर्यंत राहून बघा.